फिर्यादी नसलेला गुन्हा

मेंदूशास्त्राचा आणि राजकारणाचा संबंध काय, असे कुणी विचारले की मी पेट्रोलची गोष्ट सांगतो. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले तर इंजिनाचा खडखडाट थांबतो. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. ओरड झाली, विक्री थांबली, समिती बसली आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट कीहो यांचे म्हणणे साधे होते: सामान्य माणसाला अपाय होतो, हे आधी सिद्ध करा. हा युक्तिवाद पुढे चाळीस वर्षे टिकला.

टिकला, कारण कामगाराचा मृत्यू दिसतो. मुलाची थोडी मंदावलेली बुद्धी दिसत नाही. शिसे शरीराला कॅल्शियमसारखे भासते. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्या कॅल्शियमच्या मदतीने. तिथे हा तोतया शिरतो. प्रौढापेक्षा लहान मूल तो कितीतरी जास्त शोषून घेते, आणि नेमकी त्याच वयात मेंदूची जडणघडण चालू असते.

हर्बर्ट नीडलमन यांनी हे दाखवले ते मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांवरून. रक्तातले शिसे ओसरते, दातात त्याची नोंद राहते. १९७९ मध्ये त्यांनी जाहीर केले की, ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी चारेक गुणांनी कमी भरतो. शिक्षकांना दातांची माहिती नव्हती, तरी त्यांनीही याच मुलांचे चित्त थाऱ्यावर नसते असे नोंदवले.

चार गुण म्हणजे एका घरात काहीच नाही. त्यासाठी कोणती आई पोलिसांत जाईल? पण साऱ्या पिढीचे चार गुण गेले की वर्गात मागे पडणारे वाढतात आणि तल्लख मुले घटतात. असा हा फिर्यादी नसलेला गुन्हा. फिर्यादी नाही म्हणून मोर्चा नाही. मोर्चा नाही म्हणून सभागृहात प्रश्न नाही.

मग शिसे गेले कसे? १९७५ पासून अमेरिकी गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले आणि शिशाने ते निकामी होत. आपल्याकडेही १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले ते असे कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी. देशभर आले २००० मध्ये. मुलांच्या मेंदूआधी धोरणाने यंत्राची तक्रार ऐकली, ही गोष्ट मला अजून सलते. पुरावा मात्र आपोआप हाती आला. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे घटले, तसे अमेरिकनांच्या रक्तातलेही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. १९८५ मध्ये तिथल्या सरकारने उरलेसुरले शिसे काढायचे ठरवले, तेव्हा हेच आकडे कामी आले.

विषय संपलेला नाही. २०२० च्या युनिसेफ अहवालाच्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे. जागतिक आरोग्य संघटना तर कोणतेच प्रमाण सुरक्षित मानत नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणाऱ्या भट्ट्या, जुने रंग, भेसळीचे मसाले ही त्याची उगमस्थाने. रंगांसाठी २०१६ चे नियम आहेत. भट्टीशेजारच्या झोपडीत कोण जातो?

इच्छा असली तर काय होते, ते बांगलादेशाने दाखवले. तिथे हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सावध केले. २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले.

आपण अंगणवाडीत मुलांचे वजन आणि उंची मोजतो. रक्तातले शिसे सरसकट मोजत नाही. शास्त्राने आपले काम केव्हाच केले आहे. मोजणी सुरू करा, फिर्यादी आपोआप उभे राहतील. आणि बहुधा म्हणूनच ती सुरू होत नाही.