चारावर एकोणतीस शून्यं

सोनाराच्या काट्यातली गुंज आठवा. लालचुटूक, काळ्या टिकलीची. अशा दोन गुंजांहून थोडं जास्त भरेल एवढं सोनं म्हणजे एक पेंगो. 1 जानेवारी 1927 ला हंगेरीने हे चलन आणलं, तेव्हा 3,800 पेंगोंना एक किलो सोनं असा हिशेब ठरवून दिला होता. पहिल्या महायुद्धानंतर कोरोना हे जुनं चलन पार कोसळलं होतं. 12,500 कोरोना मोजावेत, तेव्हा एक पेंगो मिळायचा. पेंगो या शब्दाचा अर्थच खणखणणारा! लोकांना पुन्हा वाजवून घेता येईल असा पैसा हवा होता.

बारा हजार पाचशे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण थोड्याच वेळात तो चिमुकला वाटणार आहे.

दुसरं महायुद्ध आलं. बुडापेस्टला वेढा पडला, डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले गेले, कारखाने बसले, आणि हरलेल्या देशाच्या डोक्यावर 30 कोटी डॉलरची युद्धभरपाई आली. तिजोरी रिकामी, कर गोळा होईना. सरकारजवळ उरला छापखाना. तो चालू झाला आणि थांबेचना.

जुलै 1946 मध्ये हंगेरीत किमती साधारण पंधरा तासांना दुप्पट होत होत्या. पंधरा तास म्हणजे काय, ते आपल्या वडापाववर लावून पाहू. आज पंधरा रुपयांना घेतलात. मुंबईहून डेक्कन क्वीनमध्ये बसून सव्वातीन तासांत पुण्याला उतरलात, तोवर तो साडेसतराला! पाच दिवसांनी 3,840 रुपये. दहा दिवसांनी दहा लाखांना जरासाच कमी. वीस दिवसांनी 6,442 कोटी. आणि महिना भरला की बेचाळीस कोटी कोटी रुपये. एका वडापावला! हंगेरीतली माणसं हा महिना खरोखर जगली. सकाळी हातात पडलेल्या पगाराचं त्याच संध्याकाळी काय उरत असेल, याचा विचार केला की माझा जीव कळवळतो.

नोटांवर शून्यं मावेनात. मग दहा लाख पेंगोंचा एक मिलपेंगो झाला. तोही पुरेना, तेव्हा आला बी-पेंगो. त्या एका 'बी' अक्षराच्या पोटात बारा शून्यं! चित्र तेच, रंग बदलायचा, नाव बदलायचं आणि नोट बाजारात. चलनात आलेली सर्वांत मोठी नोट दहा कोटी बी-पेंगोंची. पुढून डोक्याला रुमाल बांधलेली बाई, मागे बुडापेस्टची संसद, आणि किंमत एकावर वीस शून्यं. हिच्याही दहापट मोठी नोट छापून तयार होती, ती बाहेर आलीच नाही.

आणि उजाडला 1 ऑगस्ट 1946. नवं चलन आलं, फोरिंट. एका फोरिंटला किती पेंगो?

4,00,00,00,00,00,00,00,00,00,00,00,00,00,000.

कागदोपत्री व्यवहार करपेंगोत, म्हणजे करासाठीच्या वेगळ्या पेंगोत झाला. एक फोरिंट म्हणजे 20 कोटी करपेंगो. पण एक करपेंगोच दोनावर एकवीस शून्यं एवढ्या साध्या पेंगोंचा होता! आपल्या मोजणीत एकं, दहं, शतं करत चढत गेलं की अठराव्या पायरीवर परार्ध येतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त शेवटचं नाव तेच, एकावर सतरा शून्यं. तिथे आपली शिडी संपते. हा दर आहे चार लाख कोटी परार्ध.

ती सर्वांत मोठी नोटच घेऊन एक फोरिंट आणायला निघालो, तर चारशे कोटी नोटा लागतील. एक कोटी नोटांची थप्पी साधारण एक किलोमीटर भरते. म्हणजे ही थप्पी झाली चारशे किलोमीटरची. मुंबईहून पुणे, परत मुंबई, आणि पुन्हा निघून लोणावळ्याच्या आसपास!

आता साधे सुटे पेंगो घेऊ. एका पेंगोला फोडणीतल्या मोहरीचा एक दाणा. वीस फूट रुंद, तीस फूट खोल विहिरीत साधारण चार हजार कोटी दाणे मावतील. अशा विहिरी लागतील शंभर परार्ध. सगळी मोहरी एकत्र केली तर अडीच पृथ्व्यांएवढी!

दाण्यांऐवजी नोटा घ्या, एक ग्रॅमची एक नोट. चार हजार टनांच्या मालगाडीत भरत चला. गाड्या लागतील हजार परार्ध. कल्याण स्टेशनातून दर सेकंदाला एक मालगाडी सोडली, रात्रंदिवस सोडली, तरी शेवटचा डबा जाईपर्यंत विश्वाचं 1,380 कोटी वर्षांचं आयुष्य दोनशे तीस वेळा उलटून जाईल.

आणि याच सुट्या नोटा एकावर एक रचल्या तर? चंद्र पहिल्या पावलातच मागे पडला. सूर्य गेला. आकाशगंगा गेली. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी गेली. थप्पी चाललीच आहे. तळाशी दिवा लावला तर त्याचा उजेड वरच्या नोटेपर्यंत पोचायला 420 कोटी वर्षं लागतील. आपली पृथ्वी जेमतेम तीस-पस्तीस कोटी वर्षांची असताना निघालेला किरण आत्ता कुठे टोकाला टेकत असेल!

1946 च्या त्या उन्हाळ्यातला एक फोटो आहे. बुडापेस्टच्या रस्त्यावर झाडूवाला खाली पडलेल्या नोटांचा ढीग लोटतो आहे, पाचोळा लोटावा तसा. वाकून उचलायला कोणी नाही.

फोरिंटचाही सोन्याशी हिशेब ठरला होता, 13,210 फोरिंटांना एक किलो. उजेडाला 420 कोटी वर्षं चालायला लावणारी ती सगळी थप्पी एका पारड्यात घाला, दुसऱ्या पारड्यात सोनं. काटा मध्ये यायला एक अख्खी गुंजही लागत नाही.