श्रीविठ्ठलाचे मूळ रूप : एक पद्धतिविचार

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा विठ्ठल हे विष्णूचे, विशेषतः कृष्णाचे रूप मानले जाते. तथापि त्याच्या मूळ स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतैक्य नाही. शैव, जैन व बौद्ध अशी तिन्ही मुळे त्यास जोडण्यात आली आहेत. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात तो मूळचा गवळी-धनगरांचा देव असून पुढे त्याचे वैष्णवीकरण झाले, असे प्रतिपादिले. पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव ही जोडी या मतास पोषक ठरते. मात्र कटीवर ठेवलेले हात या एकाच लक्षणावरून निर्णय करणे धोक्याचे होय. एकच लक्षण अनेक उपपत्तींस सोयीचे पडते. पूजाविधी, क्षेत्रकथा व उपासकवर्ग यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. शिवाय मूळ सापडले तरी वारकऱ्यांचा विठ्ठल उलगडतोच असे नव्हे. त्यासाठी समन्वयाची प्रक्रियाच अभ्यासिली पाहिजे.