शेळीची खुरं घरच्या घरी कशी छाटायची?



शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला येणारी मंडळी गोठ्याचा खर्च विचारतात, जात कोणती घ्यावी ते विचारतात, चाऱ्याचं गणित विचारतात. शेळीच्या पायांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. मग वर्षभराने त्यांच्यापैकीच कुणाचा तरी फोन येतो, "सर, शेळी लंगडतेय, गुडघे टेकून चारा खातेय, काय करू?" मी एवढंच विचारतो, "खुरं शेवटची कधी छाटली होती?" पलीकडे शांतता!

बंदिस्त गोठ्यातच हा त्रास जास्त का?

खूर म्हणजे शेळीचं नखच. ते सतत वाढत राहतं. खडकाळ माळावर दिवसभर चरणाऱ्या उस्मानाबादी शेळीचं खूर दगडावर घासून आपोआप झिजतं. तीच शेळी तुम्ही बंदिस्त गोठ्यात, लेंड्यांच्या मऊ थरावर उभी केली, की वाढ चालू आणि झीज बंद. निसर्ग जे काम फुकट करत होता, ते आता तुमच्याकडे आलं.

वाढलेला कडा तळव्याखाली दुमडतो. त्यात लेंड्या, मूत, चिखल अडकून बसतो. आत हवा लागत नाही, जिवाणू वाढतात आणि खूर कुजायला लागतं.

यात पैशाचा प्रश्न कुठे आला?

लंगडी शेळी गव्हाणीजवळच्या ढकलाढकलीत मागे पडते. खाणं कमी, म्हणजे दूध कमी, करडांची वाढ कमी. बोकडाचं तर विचारूच नका. मागचे पाय दुखत असतील तर तो शेळीवर चढत नाही. आपल्याकडे १० शेळ्या आणि १ बोकड असं युनिट असतं, म्हणजे बोकड एकच! शेळी साधारण २१ दिवसांनी माजावर येते. एक माज चुकला, की त्या शेळीला तीन आठवडे जास्तीचं फुकट खाऊ घालायचं. हा खर्च वहीत कुठे लिहिला जात नाही, पण खिशातून जातोच.

साहित्य काय लागेल?

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत वापरतात ती छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, चालते. फक्त धार चांगली हवी आणि ती शेळ्यांसाठी वेगळी ठेवा. सोबत कानस, जुना ब्रश, जाड हातमोजे, स्वच्छ कापड आणि पोव्हिडोन आयोडीन. उन्हाळ्यात खूर फार टणक होतं. तेव्हा पाय धुऊन १०-१५ मिनिटं ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात ते मुळातच मऊ असतं.

शेळी धरायची कशी?

शेळीला भिंतीलगत आखूड बांधा आणि समोर थोडा भरडा ठेवा. आडवं पाडायची गरज नाही. तिच्या शेपटीकडे तोंड करून बाजूला उभे राहा. खांद्यावरून हात फिरवत पायापर्यंत या, म्हणजे ती दचकत नाही. पुढचा पाय गुडघ्यात मागे दुमडून उचला. मागचा पाय सरळ मागे घ्या, बाजूला ओढू नका. ती धडपडली तर पाय सोडून न देता थोडं थांबा.

आता छाटणी, पायरी पायरीने

१. ब्रशने घाण काढा. खुराचे दोन भाग असतात. त्यांच्या मधली फटही साफ करा.

२. तळव्याखाली दुमडलेला कडा आधी कापा. हा भाग मेलेला असतो, दुखत नाही.

३. पुढे वाढलेलं टोक थोडं थोडं कमी करा.

४. तळवा आणि टाच उंच-सखल असेल तर पातळ चकत्या काढून सपाट करा. तळव्यावर गुलाबी छटा दिसली की तिथेच थांबा. त्याखाली रक्त आहे.

५. केस जिथे संपतात ती रेषा आणि खुराचा तळवा समांतर दिसायला हवा. शेवटी कानस फिरवा.

नमुना पाहिजे असेल तर चार-आठ दिवसांच्या करडाचं खूर बघा. तो आकार डोळ्यात ठेवा.

माझी चूक तुम्ही करू नका

पहिल्यांदा छाटताना मी खूप वाढलेलं खूर एकाच दिवसात सरळ करायला गेलो. रक्त आलं. जखम आठवड्यात भरली, पण ती शेळी पुढे कितीतरी दिवस पायाला हात लावू देत नव्हती. फार वाढलेलं खूर दोन-तीन टप्प्यांत, मध्ये दहा-पंधरा दिवस सोडून छाटा.

तरीही रक्त आलंच तर घाबरू नका. स्वच्छ कापडाने पाच मिनिटं घट्ट दाबून धरा, आयोडीन लावा, शेळी कोरड्या जागी ठेवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

कात्री कधी लावायची नाही?

गाभण शेळीचा शेवटचा महिना असेल तर थांबा. धडपडीत तिला इजा होऊ शकते. लंगडण्याबरोबर ताप, तोंडात फोड, लाळ असेल तर लाळ्या खुरकूत असू शकतो. शेळी वेगळी बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. खुराला कुजका वास येत असेल तर ती शेळी सगळ्यात शेवटी घ्या. नंतर कात्री निर्जंतुक करा आणि कापलेले तुकडे गोठ्यात पडू देऊ नका.

वेळेचं गणित

बंदिस्त गोठ्यात दर ६ ते ८ आठवड्यांनी खुरं तपासा. हात बसला की एका शेळीला साधारण १० मिनिटं धरा. ११ जनावरं म्हणजे ११० मिनिटं, दोन तासही नाहीत. सुरुवातीला अर्धा-अर्धा तास लागेल, म्हणून दिवसाला दोनच शेळ्या घ्या. प्रत्येकीची तारीख वहीत लिहा. मोकळ्या आवारात खडबडीत दगडी फरशी किंवा मोठे दगड ठेवले, की शेळ्या त्यावर चढतात आणि थोडी झीज तिथेच होते. गोठा मात्र कोरडाच पाहिजे.

बाजारात शेळी घेतानाही आधी चार पावलं चालवून बघा, खुरं उचलून बघा, मग भाव करा.

आज संध्याकाळी एवढंच करा: सगळ्यात गरीब स्वभावाच्या शेळीचा एक पाय उचला, साफ करा, नीट बघा आणि सोडून द्या. कात्री उद्या. शेळीला तुमच्या हाताची सवय झाली, की अर्धं काम झालंच म्हणून समजा.