चौकट बसवणारा पडला, तर भरपाई कोणाची?
तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणमला दुसऱ्या मजल्यावर खिडकी बसवताना सुतार पडला, तर भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामातून, काम करताना घडला एवढे पुरते. हे तत्त्व 1923 च्या कायद्याचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून ते सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मृत्यूसाठी मासिक वेतनाचा 50 टक्के भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के. वेतन 15,000 रुपये, वय 40 धरले, तर गुणक 184.17 आणि मृत्यूची भरपाई 13,81,275 रुपये. चार माणसांच्या ठेकेदाराला एवढे पैसे खिशातून काढणे अवघडच, विमा त्यासाठी.

‘माणूस ठेकेदाराचा, माझा काय संबंध?’ हा बिल्डरचा आक्षेप टिकत नाही. आपल्या धंद्यातले काम ठेक्याने दिले, तरी कामगार त्याच्याकडेच भरपाई मागू शकतो. ती ठेकेदाराकडून वसूल करणे हा पुढचा, त्या दोघांतला हिशेब. स्वतःच्या घराची खिडकी बदलून घेणारा गृहस्थ मात्र या तरतुदीत येत नाही, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नव्हे. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखालच्या कामगाराला याच अपघाताची भरपाई मालकाकडे वेगळी मागता येत नाही.