हसताना डोळा का मिटतो?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गियाँ-बारे सिंड्रोम’ (जीबीएस) या आजाराची साथ आली. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली. अनेक रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा दूषित अन्न-पाण्यातून पोटात जाणारा जिवाणू आढळला. त्याच्या पृष्ठभागावरील काही रेणू आपल्या चेतातंतूंवरील रेणूंसारखेच असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याच चेतातंतूंवर हल्ला करतात. हातापायांतले बळ जाते. पुष्कळ रुग्णांचा चेहराही लुळा पडतो.

बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात. मात्र काहींच्या चेहऱ्याचे स्नायू मनात नसताना हलू लागतात. असे का व्हावे?

विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे चेतातंतूवर मायलिनचे आवरण असते. ते झिजले की तंतू मेंदूचा हुकूम नसतानाही आपोआप संदेश सोडू लागतो. मग गालाच्या कातडीखाली अळी सरकावी तशी बारीक थरथर दिसते. आवरण पुन्हा तयार होते, तशी ही थरथर बहुधा थांबते.

आवरणाबरोबर आतला अक्षतंतूही तुटला, तर गोष्ट वेगळी. तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. म्हणून सुधारणेला महिने लागतात. चेहऱ्याच्या चेतेत हजारो तंतू असतात. ओठाकडे निघालेल्या तंतूची एखादी शाखा वाट चुकून पापणीच्या स्नायूला जाऊन मिळते. रेल्वेचा सांधा चुकीचा बसला की गाडी भलत्याच रुळावर जाते, तसेच हे. मग हसण्याचा हुकूम सुटला की डोळाही मिटतो. लाळग्रंथीचे तंतू अश्रुग्रंथीला जाऊन मिळाले, तर जेवताना डोळ्यांतून पाणी येते!

आरशासमोर ओठांचा चंबू करून पाहा. आपले डोळे उघडेच राहतात. वाट चुकलेल्या तंतूंमुळे काहींना तेवढेही जमत नाही. आरशात पाहून केलेले सावकाश व्यायाम आणि बोटुलिनमची इंजेक्शने यांनी हा त्रास कमी करता येतो. जोर लावून वेडीवाकडी तोंडे केल्याने मात्र तो वाढू शकतो.

आजारातून उठून वर्गात परतलेला विद्यार्थी हसताना डोळा मिचकावतो असे वाटले, तर त्याला रागावण्यापूर्वी आपण हे आठवावे. तो चेष्टा करत नसतो. त्याचा चेतातंतू वाढला आहे, फक्त वाट चुकला आहे. हे वर्गातल्या इतर मुलांना समजावून सांगणे, हाही विज्ञानाचाच एक तास होईल.