पुस्तिकेतील खुणांची भाषा

बँका, रुग्णालये व शासकीय कार्यालये यांच्या नोंदी आज मोठ्या संगणकीय साठवण यंत्रणांत जतन केल्या जातात. या यंत्रणांच्या तांत्रिक पुस्तिकांत बहुधा आरंभीच एक लहानसा तक्ता असतो. वाचक तो सहसा ओलांडून जातात. वस्तुतः पुढील मजकुराची किल्ली तेथेच असते.

सर्वसाधारण संकेत असा, की ठळक शब्द हे पडद्यावरील बटणाचे वा चौकटीचे नाव होय. टंकलेखन यंत्रासारख्या समान रुंदीच्या अक्षरांतील आज्ञा जशीच्या तशी टंकित करावयाची. मात्र तीत तिरपा शब्द आल्यास त्या जागी आपल्याकडील प्रत्यक्ष नाव वा क्रमांक घालावयाचा. चौकोनी कंसातील भाग ऐच्छिक असतो. उदाहरणातील विभाग क्रमांकच कोणी उतरून घेतला, तर भलताच विभाग पुसला जावयाचा!

चिन्हांची गोष्ट अधिक नाजूक आहे. हिताची कंपनीच्या पुस्तिकांत 'दक्षता' हे चिन्ह बहुधा यंत्रणेवरील प्रतिकूल परिणामांचा संभव दर्शविते. अमेरिकी सुरक्षा मानकांत मात्र तोच शब्द किरकोळ वा मध्यम शारीरिक इजेसाठी आहे. एका पुस्तिकेचा अर्थ दुसरीस लावणे म्हणूनच धोक्याचे.

खरेदीच्या दृष्टीने महत्त्वाचा तो एककांचा संकेत. तबकड्यांची भौतिक क्षमता १००० च्या पटीत मोजतात, तर त्यांवरील तार्किक विभागांची पुष्कळदा १०२४ च्या. या दुसऱ्या मापास टेबिबाइट हे वेगळे नाव १९९८ साली मिळाले, तरी पुस्तिकांत दोहोंसही टेराबाइटच म्हटलेले आढळते. परिणामी १०० टेराबाइट मागविणाऱ्या कार्यालयास पडद्यावर सुमारे ९१ च दिसतात. पुरवठादाराने काहीही कमी दिलेले नसते.