चाव्यांचा जुडगा कोणाकडे?

कोड लिहून झाला की बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या, पॅकेज बांधायचं आणि प्रॉडक्शनवर चढवायचं. हे सगळं करणारं टूल स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये ठेवायचं की क्लाउडवर घ्यायचं, यावर मीटिंग बसली की आधी खर्चाचा तक्ता उघडतो. मला तो मुद्दा नंतरचा वाटतो. या टूलच्या पोटात प्रॉडक्शनचे पासवर्ड, टोकन, सायनिंग कीज असतात. घरच्या चाव्यांचा अख्खा जुडगाच म्हणा ना.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं जेन्किन्स घ्या. 2011 मध्ये हडसन या टूलपासून वेगळं झालेलं, फुकट. पण शुक्रवारी संध्याकाळी रिलीज अडकते, लॉग उघडावा तर शेवटची ओळ ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. जुन्या बिल्डनी डिस्क खाल्लेली. ती साफ करणारा, प्लगइन अपडेट करणारा, बॅकअप घेणारा माणूस त्या तक्त्यात नसतो. जानेवारी 2024 मध्ये जेन्किन्सच्या सर्व्हरवरच्या फाइल्स बाहेरून वाचता येतील अशी त्रुटी जाहीर झाली. पॅच लावणं ज्याचं त्याच्याकडे.

क्लाउडवर ही कटकट नाही, पण जुडगा परक्या घरी. डिसेंबर 2022 मध्ये सर्कलसीआय या क्लाउड सेवेत घुसखोरी झाली आणि जानेवारी 2023 मध्ये त्यांनी ग्राहकांना तिथे ठेवलेली सगळी सिक्रेट्स बदलायला सांगितली. कुठली चावी कुठे लागते याची यादीच नसेल, तर बसा शोधत.

मधला रस्ता रनरचा. गिटलॅब किंवा गिटहब ॲक्शन्सची पाइपलाइन क्लाउडवर, काम करणारा रनर मात्र आपल्या नेटवर्कमध्ये. तो आतूनच 443 पोर्टवरून ‘काम आहे का?’ म्हणून विचारत राहतो. काम मिळालं की बिल्ड इथेच, डिप्लॉयही इथेच. फायरवॉलला बाहेरून आत येणारं भोक पाडावं लागत नाही, पासवर्ड आपल्याच व्हॉल्टमध्ये ठेवता येतात. मेख एकच: पाइपलाइनची फाइल ज्याला बदलता येते, तो आपल्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकतो. म्हणून पब्लिक रिपॉझिटरीला असा रनर जोडू नये.

‘रिझर्व्ह बँक क्लाउड चालू देत नाही’ हेही ऐकू येतं. एप्रिल 2018 चं परिपत्रक पेमेंटचा डेटा भारतात साठवण्याबद्दल आहे, रिलीजच्या टूलबद्दल नाही. फक्त टेस्टसाठी कोणी प्रॉडक्शनच्या डेटाबेसची कॉपी पाइपलाइनमध्ये ओढत नाही ना, ते आधी तपासा.